काढलेली गाठ बादलीत टाकू नका

कुत्रीच्या पोटाखालची गाठ काढली, टाके घातले, अँटिबायोटिक लिहून दिलं. गाठ कुठाय म्हणून विचारलं की उत्तर येतं, "टाकली मॅडम, दिसायला साधीच होती." मी पशुवैद्यकीय पॅथॉलॉजीत काम करते. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसते, तरी नुसतं हातात धरून गाठ साधी की वाईट हे छातीठोकपणे सांगायची माझी हिंमत होत नाही. कुत्रीच्या स्तनांच्या गाठींपैकी साधारण निम्म्या कॅन्सरच्या निघतात. मांजरीत तर बहुतेक सगळ्याच. म्हणून काढलेली प्रत्येक गाठ लॅबला जायला हवी, आणि नीट जायला हवी. नमुना खराब आला तर माझ्याकडे कितीही भारी मायक्रोस्कोप असून उपयोग नाही.

हे टिपण फील्डवरच्या डॉक्टरांसाठी आहे, पशुधन पर्यवेक्षकांसाठी आहे आणि पाळणाऱ्यांसाठीही. ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना विचारा, "गाठ तपासायला कुठे पाठवणार?" म्हणजे बरणी तयार राहते.

बरणी रुंद तोंडाची घ्या. लोणच्याची, प्रोटीन पावडरची, कुठलीही चालेल. सलाइनची बाटली मात्र नको. तुकडा कुजू नये म्हणून तो फॉर्मॅलिन या द्रावणात बुडवतात, आणि त्यात मांस कडक होतं. मऊ असताना दाबून आत सारलेला तुकडा दुसऱ्या दिवशी त्याच तोंडातून बाहेर येत नाही. मग आम्ही कात्री घेऊन बाटली कापत बसतो आणि तुकडा चेमटतो तो वेगळाच.

बाजारात मिळतं ते फॉर्मॅलिन म्हणजे 37 ते 40 टक्के फॉर्मॅल्डिहाइड. त्याचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग, हे झालं 10 टक्के फॉर्मॅलिन. शक्य असेल तर त्यात लिटरमागे 4 ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि 6.5 ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट घाला. हे बफर नसलं तर द्रावण आम्लधर्मी होत जातं आणि रक्ताळलेल्या तुकड्यात काळपट-तपकिरी कण साचतात. स्लाइडवर ते मध्येमध्ये येत राहतात. तुकड्याच्या दहापट फॉर्मॅलिन हवं. बरणीभर मांस आणि वर बोटभर पाणी, असं आलं की आतलं सगळं कुजलेलं असणार हे झाकण उघडायच्या आधीच कळतं.

फॉर्मॅलिन आत शिरायला वेळ घेतं, सुरुवातीला तासाला जेमतेम एक मिलिमीटर. नारळाएवढी गाठ अख्खी बुडवली तर बाहेरून छान कडक आणि मधे लगदा. गाठ मोठी असेल तर पाव कापतात तशा सेंटिमीटरभर अंतरावर चिरा द्या, पण तळापर्यंत कापून तुकडे सुटे करू नका. गाठीची कड कुठली, तळ कुठला, हे मला कळलं पाहिजे. डोक्याकडच्या बाजूला एक लांब टाका घालून ठेवा आणि तसं चिठ्ठीत लिहा. "मार्जिन क्लिअर आहे का?", म्हणजे कडेपर्यंत कॅन्सर पोचलेला नाही ना, असा फोन करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी गाठ चार तुकड्यांत पाठवलेली असते. चार तुकड्यांतून मार्जिन शोधायचं कसं?

फ्रीझरमध्ये ठेवू नका. बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात, मग स्लाइडवर नुसती भोकं दिसतात.

फॉर्मॅलिन हाताळताना खिडकी उघडी ठेवा आणि हातमोजे घाला. हे नुसतं शिस्तीपुरतं सांगत नाही. 1980च्या सुमारास अमेरिकेत रॅट आणि माऊस अशा दोन्ही जातींच्या उंदरांना दोन वर्षं फॉर्मॅल्डिहाइडच्या हवेत ठेवलं होतं, रोज सहा तास, आठवड्याचे पाच दिवस. हवेच्या दहा लाख भागांत 14.3 भाग एवढ्या मात्रेला रॅटच्या नाकात ढिगाने कॅन्सर झाले. 2 भागांच्या मात्रेला एकही नाही. माऊसमध्ये मोठ्या मात्रेलाही अगदी मोजके, कारण झोंबायला लागलं की माऊस श्वासच कमी घेतो. उंदरांवरचे निष्कर्ष सरसकट माणसाला लावू नयेत हे खरं. पण पुढे 2004 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मॅल्डिहाइडला माणसात कॅन्सर करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलं. ज्याच्यात आम्ही कॅन्सर टिकवतो तेच कॅन्सरकारक, असा आमच्या लॅबमधला जुना विनोद आहे.

नाव लिहायचं ते बरणीच्या अंगावर, झाकणावर नाही. चार बरण्यांची झाकणं एकदम उघडली की कुठलं कुणाचं, देव जाणे. आत टाकायची चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहा. पेनाची शाई पसरते, शिसं जात नाही.

बरणीसोबत माहिती पाठवा. "डॉग, ट्यूमर" एवढं नको. जात, वय, नर की मादी, नसबंदी झालीय का, गाठ नेमकी कुठे, किती सेंटिमीटर, कधी दिसली, अलीकडे एकदम वाढली का, आधी काढून परत आली का, स्टेरॉइड चालू होतं का. कातडीखाली सरकत होती की खाली चिकटलेली, हेही. मोबाइलवर एक फोटो काढायचा, शेजारी पट्टी ठेवून. स्लाइडवर जे अर्धवट दिसतं ते कित्येकदा या माहितीमुळे सुटतं.

ऑपरेशनच्या आधी सुईने पेशी काढून पाहणं स्वस्त आणि झटपट असतं. 22 किंवा 24 नंबरची सुई, पाच मिलीची सिरिंज, स्लाइडवर पातळ पसरून हवेत वाळवायचं. पण एक गोष्ट कटाक्षाने पाळा: या स्लाइड आणि फॉर्मॅलिनची बरणी एका डब्यात घालू नका. नुसत्या वाफेनेही पेशी अशा होतात की रंगच नीट धरत नाहीत. भटक्या कुत्र्यांच्या जननेंद्रियावर येणारी, रक्त ठिबकणारी, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी दिसणारी गाठ सुईनेच ओळखू येते. गोल पेशी, आत स्वच्छ बुडबुड्यांची रांग. ती समागमातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाते. विषाणू नाही, खुद्द पेशीच जातात. तिला बहुतेक वेळा चाकू लावावाच लागत नाही, विनक्रिस्टीन या कॅन्सरवरच्या औषधाची आठवड्याला एक अशी काही इंजेक्शनं पुरतात. ती अनुभवी हातानेच द्यावीत, कारण शिरेबाहेर सांडलं तर तिथलं मांस झडतं.

बैलाचं शिंग

शिंगाचा कॅन्सर हा आपल्याकडचा खास आजार. शिंगाच्या आतल्या पोकळीच्या अस्तरातून हा कॅन्सर निघतो, आणि भारताबाहेर फारसा दिसत नाही. साधारण पाच ते दहा वर्षांचे खच्ची बैल, विशेषतः पांढऱ्या रंगाचे, मोठ्या शिंगांचे. बैल डोकं एका बाजूला कलवतो, झटकतो, शिंग झाडाला घासतो, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त येतं. पोळ्याला शिंगं साळताना किंवा रंग देताना शिंगाच्या बुडाशी हात लावा. बूड गरम, मऊ लागलं आणि बैलाने मान हिसडली, तर रंगाचा डबा बाजूला ठेवून डॉक्टरांना बोलवा. शिंग हलायला लागेपर्यंत थांबलं की किडे पडतात, वास सुटतो आणि कॅन्सर कवटीच्या पोकळ्यांत उतरलेला असतो. साळल्यामुळे किंवा जुवाच्या घासण्याने तो होतो का, यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. उन्हाचं आणि खच्चीकरणानंतरच्या हार्मोनचंही नाव घेतात.

शिंग कापल्यावर वरचा सडका, किडे पडलेला भाग मला पाठवू नका. त्यात मला फक्त सड दिसते. बुडाकडचा, चांगल्या आणि वाईट मांसाच्या सीमेवरचा मऊ तुकडा वेगळ्या बरणीत घाला. हाडासकट आलेल्या तुकड्यातला चुना आम्हाला आधी आम्लात काढावा लागतो, त्यात दिवसचे दिवस जातात आणि तोवर शेतकरी रोज फोन करतो.

विषबाधेला नियम उलटा

इथे फॉर्मॅलिन घातलं की रसायनांची तपासणी मेली. लिव्हर, किडनी, कोठीपोटातला चारा, लघवी, रक्त, प्रत्येक वेगळ्या स्वच्छ डब्यात, हवाबंद, आणि बर्फात. संशयित चारा, पेंड, पाणीही घ्या. पोलिस केस असेल तर पंचनामा करून, सील लावून व्हिसेरा न्यायवैद्यक प्रयोगशाळेला जातो. त्यासाठी मिठाचं संपृक्त द्रावण वापरतात. त्याच मिठाच्या पाण्याची एक बाटली वेगळी द्यायची, म्हणजे विष पाण्यातलं की जनावरातलं असा वाद राहत नाही.

पण लिव्हर आणि किडनीचा एकेक छोटा तुकडा फॉर्मॅलिनमध्येही ठेवा. रसायनाची आणि मायक्रोस्कोपची, दोन्ही तपासण्या का, ते गिधाडांनी शिकवलं. पाकिस्तानात 2000 सालानंतर पांढऱ्या पाठीची गिधाडं पटापट मरत होती; पोट उघडलं की आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर. किडनी निकामी झाल्याचं दिसत होतं, कशाने ते कळत नव्हतं. विषाणू शोधले, कीटकनाशकं शोधली, हाती काही नाही. शेवटी लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किडनीत डायक्लोफिनॅक हे जनावरांना दिलं जाणारं वेदनाशामक शोधलं: थर असलेल्या 25 पैकी 25 गिधाडांत सापडलं, थर नसलेल्या 13 पैकी एकातही नाही. हे 2004 साली छापून आलं आणि 2006 साली भारताने जनावरांसाठी डायक्लोफिनॅक बंद केलं. मायक्रोस्कोपने काय झालं ते सांगितलं, रसायनाने कशामुळे ते. एकाच तपासणीवर ते सुटलं नसतं.

कोवळी ज्वारी खाऊन किराळ लागली, म्हणजे तिच्यातल्या सायनाइडची विषबाधा झाली असेल, तर घाई करा. सायनाइड उडून जातं, त्यामुळे कोठीपोटातला चारा डबा काठोकाठ भरून, लगेच बंद करून बर्फात ठेवायचा. रक्त लालभडक दिसतं. चॉकलेटी दिसलं तर नायट्रेटचा संशय धरा. शेतातल्या शेतात पिक्रेटच्या कागदाने ज्वारी तपासता येते: बाटलीत पानं कुटून, चार थेंब क्लोरोफॉर्म टाकून, पिवळा कागद वर लटकवून बूच लावायचं. कागद विटकरी झाला की त्या रानात जनावर सोडायचं नाही.

आणि हे सगळं करण्याआधी: जनावर अचानक मेलंय, पोट फुगलंय, नाका-गुदद्वारातून काळं, न गोठणारं रक्त येतंय, तर सुरी लावूच नका. फाशी (अँथ्रॅक्स) हा रोग असू शकतो. उघडलं की जंतू मातीत जातात आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतात. कानाच्या शिरेतून रक्ताचा एक स्मिअर (काचेवर पातळ पसरलेला थेंब) घ्यायचा आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं. नमुने कुठे, कसे न्यायचे ते डॉक्टर ठरवतील. राज्याचा रोग अन्वेषण विभाग पुण्यात औंधला आहे.

बर्फातला डबा सोमवारी किंवा मंगळवारी पाठवा. शुक्रवारी एसटीने टाकलेला डबा शनिवार-रविवार कुठल्यातरी पार्सल ऑफिसात वितळतो. फॉर्मॅलिनच्या बरणीला घाई नाही, पण झाकणाभोवती टेप गुंडाळा आणि दोन पिशव्यांत घाला. बरणीवर तुमचा मोबाइल नंबर लिहा. रिपोर्ट लिहिताना काही अडलं तर मी फोन करते, आणि बऱ्याचदा अडतं.