या चुका टाळा: कोकणात छोट्या बोर्डावरचं लिनक्स बंद पडतं तेव्हा

आंब्याच्या बागेतलं हवामान केंद्र, होमस्टेचे कॅमेरे, मासळीच्या शीतपेटीचं तापमान टिपणारी नोंदवही. अशा कामांना लावलेला रास्पबेरी पाय किंवा ऑरेंज पाय हा छोटा संगणक अचानक गप्प झाला, की बहुतेकांचा पहिला हात मेमरी कार्ड काढून त्यावर नवी इमेज, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची तयार प्रत, लिहायला जातो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. इमेज नवी केली की बोर्ड चार दिवस चालतो, पुन्हा बंद पडतो, आणि मधल्या सगळ्या नोंदी पुसून गेलेल्या असतात. दोष लिनक्सचा क्वचितच निघतो. बहुतेक वेळा तो पाच व्होल्टांत, कार्डात किंवा खाऱ्या हवेत असतो. शोधायचंही याच क्रमाने.

मोबाइलचा चार्जर लावणे

‘चार्जर ६५ वॅटचा आहे, मग कमी कसा पडेल?’ हा प्रश्न नेहमीचा. ते ६५ वॅट ९, १५ किंवा २० व्होल्टांवर मिळतात, आणि बोर्ड मागतो फक्त ५. त्या ५ व्होल्टांवर तोच चार्जर २ किंवा ३ अँपिअरच्या वर जात नाही. रास्पबेरी पाय थ्रीला ५.१ व्होल्ट २.५ अँपिअर, पाय फोरला ५.१ व्होल्ट ३ अँपिअर आणि पाय फाइव्हला ५.१ व्होल्ट ५ अँपिअर असा पुरवठा ठरलेला आहे. पाय फाइव्हला ३ अँपिअरचा अडॅप्टर लावला तरी तो सुरू होतो, पण यूएसबीच्या सगळ्या पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो. मग हार्ड डिस्क फिरत नाही आणि दोष डिस्कवर जातो.

५.० आणि ५.१ यांतला तो एक दशांश शोभेचा नाही. तो वायरीत खर्च होतो. स्वस्त केबलमधली बारीक, २८ गेजची तार मीटरला साधारण ०.२१ ओहम रोध करते. जाणारी आणि येणारी अशा दोन तारा धरल्या तर एक मीटर केबलीचे ०.४३ ओहम झाले. बोर्डाने १ अँपिअर ओढला की ५.० चे ४.५७ व्होल्ट उरतात, आणि पायची धोक्याची रेघ ४.६३ वर आहे. तीच केबल जाड, २० गेजची घेतली तर जेमतेम ०.०७ व्होल्ट पडतात. म्हणजे महागडा अडॅप्टर आणि बारीक केबल ही जोडी निरुपयोगी. केबल आखूड आणि जाड घ्या, अडॅप्टरला कायमची जोडलेली असेल तर उत्तम.

पुरवठा तपासायला टर्मिनलवर ‘व्हीसीजेनसीएमडी’ आणि त्यापुढे अंडरस्कोरने जोडलेलं ‘गेट_थ्रॉटल्ड’ (vcgencmd get_throttled) लिहा. उत्तर ०x० आलं तर पुरवठा ठीक. ०x५०००० म्हणजे आत्ता सगळं बरं आहे, पण बोर्ड सुरू झाल्यापासून कधीतरी विजेचा दाब (व्होल्टेज) घसरला होता आणि वेगही कापला गेला होता. ०x५०००५ म्हणजे हे या क्षणीही चालू आहे. पहिला ५ मागचं सांगतो, शेवटचा ५ आत्ताचं. संध्याकाळी सात ते दहा, गावभर पंखे आणि मोटारी चालू असताना हे पाहा. दुपारी पाहिलं तर सगळं आलबेलच दिसेल. एक खाच लक्षात ठेवा: झीरो मालिकेच्या बोर्डांवर दाब मोजणारं सर्किटच नाही. तिथे ०x० दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका, मल्टिमीटर लावा.

घरापासून गोठ्यापर्यंत किंवा कुंपणाच्या कॅमेऱ्यापर्यंत वीस मीटर जायचं असेल तर ५ व्होल्ट नेऊच नका. १२ व्होल्ट न्या आणि बोर्डाशेजारी दाब उतरवणारा बक कन्व्हर्टर बसवा. एलएम२५९६ चिपच्या कन्व्हर्टर-पट्टीवर ३ अँपिअर लिहिलेलं असतं, पण बंद डब्यात तिच्याकडून दीड-दोनच्या वर अपेक्षा ठेवू नये. आधी मल्टिमीटर लावून स्क्रूने ५.१ व्होल्ट करून घ्या, मग बोर्ड जोडा. नवी पट्टी बाजारातून येते तेव्हा तिच्यावर किती व्होल्ट लावलेले असतील याचा भरवसा नसतो. बोर्डावरच्या जीपीआयओ पिनांच्या रांगेतल्या ५ व्होल्ट पिनेवर जादा दाब गेला तर वाचवायला काही नसतं.

लाइट जाणार हे गृहीत न धरणे

कार्डावर लिहिणं चालू असताना लाइट गेली, की फक्त ती फाइल खराब होते असं नाही. कार्डाच्या आतला कंट्रोलर साठवलेल्या माहितीची जुनी पानं इकडून तिकडे हलवत असतो. त्यामुळे ज्या फाइलला कोणी हातही लावला नव्हता तीही जाऊ शकते. लक्षण ठरलेलं असतं: बोर्ड सुरू होतो, लॉगिनही होतं, पण काही जतन करायला गेलं की ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’. कार्डावरच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टिमला चूक सापडली की ती आणखी नुकसान टाळायला स्वतःला कुलूप लावून घेते. कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) संदेश दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’ (dmesg) मध्ये ‘एमएमसीबीएलके०’च्या (mmcblk0), म्हणजे कार्डाच्या, नावापुढे आय/ओ एरर दिसली तर कार्ड बदला. दुरुस्त करून तेच पुन्हा वापरणं म्हणजे फुटक्या होडीला रंग देणं. एरर नाही, फक्त फाइल सिस्टिम विस्कटली आहे, तर कार्ड दुसऱ्या लिनक्स संगणकात घाला आणि माउंट न करता ‘एफएससीके’ (fsck) ही फाइल सिस्टिम दुरुस्त करणारी आज्ञा चालवा. चालू बोर्डावर, त्याच्याच मुळावर (रूट फाइल सिस्टिमवर) एफएससीके चालवणं ही स्वतंत्र चूक आहे.

अपडेट चालू असताना लाइट गेली असेल तर नवी इमेज लागत नाही. ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ (sudo dpkg --configure -a) चालवा, अर्धवट राहिलेली पॅकेजेस तेवढ्यात मार्गी लागतात. मे अखेरच्या वळिवात आणि परतीच्या पावसात संध्याकाळी अपडेट लावू नये, हे खरं तर सांगायला नको.

कायमचा उपाय म्हणजे कार्डावर लिहिणंच थांबवणं. ‘रास्पी-कॉन्फिग’ (raspi-config) या सेटिंगच्या मेनूमध्ये परफॉर्मन्स ऑप्शन्सखाली ओव्हरले फाइल सिस्टिम आहे. ती चालू केली की सगळं लिखाण रॅममध्ये होतं आणि कार्ड फक्त वाचलं जातं. मग दिवसातून दहा वेळा लाइट जाऊ दे. अट एकच: रीबूट झाला की त्या दिवसाच्या नोंदी गेल्या. म्हणून तापमानाचे आकडे वेगळ्या पेनड्राइव्हवर किंवा नेटवरून दुसरीकडे पाठवावे लागतात. सेटिंग बदलायची तर आधी ओव्हरले बंद करा. ‘काल बदललं होतं, आज परत जुनंच’ ही तक्रार नेहमी इथेच येऊन थांबते.

इन्व्हर्टर आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरांच्या मागे यूपीएस मोडचा खटका असतो. तो बंद असेल तर वीज आणि बॅटरी यांच्या अदलाबदलीच्या क्षणी बोर्ड रीबूट होतो. पॉवर बँक मध्ये घालण्याची युक्ती तर बहुधा फसते, कारण लाइट आली-गेली की अनेक पॉवर बँका क्षणभर बाहेरचा पुरवठा तोडतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. इतकं कोणतीच बॅटरी पुरवत नाही. वीज परत येईल तेव्हा कुणीही हात न लावता बोर्ड सुरळीत उभा राहतो का, हे पावसाआधीच्या आगोटीच्या कामांतच प्लग काढून-घालून पाहून ठेवा.

घड्याळाकडे दुर्लक्ष

पाय फोरपर्यंतच्या बोर्डांवर स्वतःचं घड्याळ नाही. लाइट आली की बोर्ड अर्ध्या मिनिटात जागा होतो, राउटरला नेट मिळायला तीन मिनिटं लागतात, आणि तोवर बोर्डासाठी कालचीच वेळ चालू असते. त्यातून निघणाऱ्या तक्रारी ऐकून कुणाला घड्याळाचा संशयही येत नाही: अपडेट आणणारं एपीटी म्हणतं रिलीज फाइल अजून वैध नाही, सुरक्षित संकेतस्थळं प्रमाणपत्र नाकारतात, नोंदींमध्ये मंगळवारनंतर सोमवार येतो.

डीएस३२३१ चं, बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळाचं मॉड्यूल लावा. पुरवठा ३.३ व्होल्टच्या पिनेवरून द्या, ५ वरून नाही. ५ वर दिलं तर मॉड्यूल आणि बोर्ड जोडणाऱ्या आयटूसीच्या तारांवरही ५ व्होल्ट चढतात आणि पायच्या पिना ते सोसत नाहीत. शिवाय झेडएस-०४२ नावाच्या निळ्या मॉड्यूलवर बॅटरी चार्ज करणारं सर्किट असतं. ५ व्होल्टवर ते साध्या सीआर२०३२ सेललाही चार्ज करू पाहतं आणि तो सेल त्यासाठी बनलेला नाही. कॉन्फिग फाइलमध्ये ‘डीटीओव्हरले=आय२सी-आरटीसी,डीएस३२३१’ (dtoverlay=i2c-rtc,ds3231) ही ओळ घालून रीबूट करा. मग ‘आय२सीडिटेक्ट -वाय १’ (i2cdetect -y 1) चालवल्यावर ६८ या घड्याळाच्या पत्त्याच्या जागी ‘यूयू’ दिसलं म्हणजे ड्रायव्हरने घड्याळ ताब्यात घेतलं. नुसतं ६८ दिसलं तर तार बरोबर आहे, ओळ चुकली आहे. पाय फाइव्हवर घड्याळ आतच आहे, त्याला फक्त बॅटरी जोडावी लागते.

जुनी माहिती नव्या सिस्टिमला लावणे

ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ओएसच्या बुकवर्म आवृत्तीने बऱ्याच जुन्या युक्त्या मोडीत काढल्या. कॉन्फिग फाइल आता ‘/बूट’मध्ये नाही, ‘/बूट/फर्मवेअर’मध्ये आहे. जुन्या जागी लिहिलेली ओळ कुणी वाचत नाही. वायफायची डब्ल्यूपीए सप्लिकंट फाइल कार्डावर टाकण्याची पद्धतही गेली, नेटवर्क मॅनेजर आला. ‘पाय’ हा तयार वापरकर्ता तर एप्रिल २०२२ पासूनच नाही. वापरकर्ता, एसएसएच (दुरून लॉगिन) आणि वायफायचा देश भारत, हे तिन्ही इमेज लिहितानाच इमेजर या इमेज लिहिणाऱ्या प्रोग्रॅममध्ये भरा. देश भरला नाही तर वायफाय बंदच राहू शकतं. बोर्ड सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या ‘सीएमडीलाइन’ (cmdline.txt) फाइलमधला सगळा मजकूर एकाच ओळीत हवा. चुकून एंटर दाबला तर बोर्ड उठत नाही.

ऑरेंज पाय किंवा रॉकचिप कंपनीची चिप असलेल्या बोर्डांवर ‘जवळपास तीच’ इमेज चालत नाही. मॉडेलचं नाव अक्षरशः जुळायला हवं, कारण डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय कुठे जोडलंय याची यादी) वेगळी असते. स्क्रीन काळीच राहिली तर अंदाज बांधत बसू नका, ३.३ व्होल्टचा यूएसबी-टीटीएल अडॅप्टर लावून सिरियल कन्सोल, म्हणजे बोर्ड सुरू होताना पाठवतो ते संदेश, दुसऱ्या संगणकावर वाचा. संदेशांचा वेग (बॉड) पायवर १,१५,२००, पण रॉकचिपच्या अनेक बोर्डांवर १५,००,०००. कचरा अक्षरं आली तर वेग चुकला आहे. तेवढा वेग प्रत्येक अडॅप्टरला झेपत नाही, हे विकत घेतानाच पाहा. पाय फोरवर हिरवा दिवा चार वेळा लुकलुकला तर स्टार्ट फाइल सापडली नाही, सात वेळा लुकलुकला तर कर्नल.

डबा घट्ट बंद करणे

ताक पितळेच्या भांड्यात कळकतं तसा इथे बोर्डही कळकतो. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, देवगडला काय किंवा हर्णैला काय, हवेतलं मीठ ओलावा धरून ठेवतं. यूएसबी आणि लॅनच्या खाचांत हिरवा थर चढतो, आणि चालू असलेलं कीबोर्ड किंवा मोडेम मधूनच गायब होऊन परत येतं. ‘डीमेसेज’मध्ये हे ‘यूएसबी डिस्कनेक्ट’ म्हणून दिसतं. ड्रायव्हर शोधण्याआधी पुरवठा तोडा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने खाचा पुसा, अर्धा तास वाळू द्या. साध्या जंतुनाशक स्पिरिटमध्ये पाणी जास्त असतं, ते नको.

पंखा लावलेला डबा खारं वारं आत ओढतो. जाड अॅल्युमिनियमचा, स्वतःच उष्णता फेकणारा डबा इथे बरा. मात्र धातूच्या डब्यात वायफायचा जीव गुदमरतो, चिऱ्याच्या जाड भिंतीपलीकडे तर विचारूच नका. तिथे लॅनची केबल ओढा. तापमान ८० अंशांवर गेलं की पाय वेग कापायला लागतो. पत्र्याखाली एप्रिलच्या दुपारी हे सहज घडतं, म्हणून बोर्ड पडवीत ठेवा, माळ्यावर नाही.

बाहेर लावायचा असेल तर आयपी६५ चा (धूळ आणि पाणी अडवणारा) डबा आणि केबल ग्लँड (तार आत नेणारी घट्ट बूच) घ्या, पण वरून किंवा बाजूने भोक पाडू नका. तळाला पाडा. तार आधी डब्याच्या खाली लोंबू द्या आणि मग वर न्या, म्हणजे पागोळ्यांचं पाणी तारेवरून आत न जाता खाली ठिबकेल. तळाशी तीन मिलिमीटरचं एक भोक जाळी लावून मोकळं ठेवा. दिवसा तापलेली हवा रात्री गार झाली की आतल्या आत दव धरतं, आणि पूर्ण बंद डब्यात ते जायला वाट राहत नाही. जाळी विसरलात तर महिन्याभरात आत मुंग्यांचं वारूळ असेल.

घर आणि बागेतली खोली यांच्यात तांब्याची लॅन केबल हवेतून ओढणं टाळा. जवळपास वीज पडली की ती केबल दोन्ही टोकांचे पोर्ट जाळते, अडॅप्टरवर कितीही चांगला सर्ज प्रोटेक्टर असला तरी. तिथे फायबर आणि त्याला लॅनशी जोडणारे दोन मीडिया कन्व्हर्टर लावा.