खान्देशातील थंडी आणि कपड्यांचे थर

डिसेंबर-जानेवारीत धुळे, जळगाव किंवा शहाद्याच्या परिसरात पहाटे पारा ८ ते १० अंशांपर्यंत उतरतो, थंडीची लाट आली तर त्याहूनही खाली जातो, आणि त्याच दिवशी दुपारी दोन वाजता तो २८ ते ३० अंशांवर असतो. म्हणून खान्देशात कपड्यांच्या थरांना दुहेरी काम करावे लागते: पहाटे त्यांनी अंगाची ऊब राखायची आणि ऊन चढू लागले की एकेक करून सहज उतरायचे. एकच जाडजूड जर्किन विकत घेऊन हिवाळा काढू पाहणारा माणूस सकाळी सहाला आखडलेला आणि दहाला घामाघूम झालेला दिसतो, याचे कारण एवढेच की त्याच्याजवळ उतरवायला मधले काही नसते.

येथील आकाश हिवाळ्यात बहुधा निरभ्र आणि हवा कोरडी असते. दिवसा तापलेली जमीन रात्रभर आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते, ती अडवायला ढग नसतात, आणि त्यामुळे सर्वांत कमी तापमान मध्यरात्री नव्हे तर सूर्योदयाच्या सुमारास नोंदले जाते. दूध घालणारे, भाजीपाला घेऊन बाजार समितीकडे निघालेले, केळीच्या बागेत घड कापायला जाणारे आणि जळगावच्या मेहरूण तलावाकाठी फिरायला येणारे लोक नेमके त्याच वेळी बाहेर असतात. त्यांनी आपले कपडे आदल्या संध्याकाळच्या हवेवरून ठरवू नयेत.

कपडा स्वतः ऊब निर्माण करीत नाही. ऊब शरीराची असते. कपड्याच्या धाग्यांमध्ये आणि दोन थरांच्या मध्ये जी हवा अडकून स्थिर राहते, ती ही ऊब बाहेर जाऊ देत नाही. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे पातळ पदर एकावर एक शिवून केलेली गोधडी एका जाड चादरीपेक्षा अधिक ऊब देते, ती याच कारणाने. ही स्थिर हवा दोन गोष्टींनी बिघडते. वारा तिला हुसकावून लावतो, आणि ओल तिची जागा घेते. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे घामाने भिजलेले बनियन अंगावर ठेवून त्यावर कितीही स्वेटर चढवले तरी हुडहुडी थांबत नाही. अंग कोरडे ठेवणे, हवा अडकवणे आणि वारा रोखणे, अशी तीन कामे तीन थरांत वाटून द्यायची असतात.

अंगाला लागून असणारा पहिला थर अंगाबरोबर बसणारा, पण न आवळणारा असावा. आपल्याकडे सरसकट सुती बनियन वापरले जाते, आणि दुकानात बसणाऱ्या किंवा बसने प्रवास करणाऱ्या माणसाला ते पुरेसे असते. ज्याला चालायचे, सायकल मारायची किंवा फावडे चालवायचे आहे त्याला मात्र सूत अडचणीचे ठरते, कारण ते घाम शोषून घेते आणि लवकर वाळत नाही. अशा वेळी पॉलिएस्टरचे किंवा लोकरमिश्रित थर्मल घालावे. बाजारात ते पूर्ण बाह्यांचे आणि घोट्यापर्यंतच्या पायजम्यासह मिळते. थर्मल घेणे शक्य नसेल तर खेळाडू वापरतात तो साधा टी-शर्ट आत घालावा. तोही सुती बनियनापेक्षा लवकर वाळतो.

मधला थर ऊब धरण्यासाठी असतो आणि त्याबाबत माझे मत स्पष्ट आहे: एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ स्वेटर केव्हाही चांगले. दोहोंच्या मध्ये हवेचा आणखी एक पदर मिळतो आणि ऊन चढल्यावर निम्मी ऊब कमी करण्याची सोय राहते. त्यांपैकी एक बिनबाह्यांचा असला तर हात मोकळे राहतात. लोकरीचा मोठा गुण असा की ती आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा शोषूनही अंगाला ओली लागत नाही. हिवाळ्यात शहरांतून स्वेटरची जी तात्पुरती दुकाने लागतात तेथे लोकरीच्या नावाखाली पुष्कळदा ॲक्रिलिक मिळते. ते टाकाऊ नसते, स्वस्त आणि टिकाऊ असते, परंतु लोकरीची किंमत त्याला देऊ नये. मधला थर सैलसर हवा. त्यावरचे जर्किन इतके घट्ट असेल की आतला स्वेटर दाबला जाईल, तर हवाही दाबली जाते आणि स्वेटरचा अर्धा उपयोग संपतो. म्हणून जर्किन घेताना दुकानात ते स्वेटरवर घालून पाहावे आणि हात वर करून कंबर उघडी पडत नाही ना, हे तपासावे.

बाहेरच्या थराचे काम वारा अडवणे एवढेच आहे. तो जाड असण्याची गरज नाही. घट्ट विणीचे पातळ विंडचीटरसुद्धा स्वेटरवर घातले की फरक लगेच कळतो. सैल विणीचा स्वेटर एकटाच घालून मोटारसायकलवर बसलेल्या माणसाच्या अंगात वारा आरपार जातो. पावसाळ्यातील रेनकोटचे जाकीट हे काम करू शकते, मात्र त्यातून घामाची वाफ बाहेर पडत नाही, म्हणून पायी चालताना त्याची चेन छातीपर्यंत उघडी ठेवावी. साक्रीच्या बाजूचे ठेलारी मेंढपाळ वापरतात ती घोंगडीही दाट असल्यामुळे वारा आणि दव दोन्ही बऱ्यापैकी रोखते. तिची खोळ करून डोक्यावरून घेतली की कान, मान आणि पाठ एकदम झाकली जातात, आणि नको वाटली की खांद्यावर टाकता येते. जड असते, हा तिचा एकच दोष.

मोटारसायकलवरील थंडीचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. हवेचे तापमान ८ अंश असताना ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या उघड्या त्वचेला ते साधारण ३ अंशांसारखे जाणवते. या वाऱ्याचा मारा छाती, गुडघे आणि हाताची बोटे यांवर होतो. पाठीवर तो फारसा नसतो. त्यामुळे छातीवर, स्वेटर आणि जर्किन यांच्यामध्ये, वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्या ठेवण्याची जुनी युक्ती आजही उपयोगी पडते, आणि मुक्कामी पोहोचल्यावर त्या काढून टाकता येतात. पँटच्या आत थर्मलचा पायजमा घालावा. लोकरीचे हातमोजे उबदार असले तरी वारा अडवीत नाहीत, म्हणून गाडीसाठी रेक्झिनचे किंवा चामड्याचे, आत अस्तर असलेले हातमोजे घ्यावेत. आखडलेल्या बोटांनी ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. मफलरची आणि ओढणीची टोके जर्किनच्या आत खोचावीत, नाहीतर ती चाकात किंवा चेनमध्ये अडकू शकतात. हेल्मेटच्या आत जाड कानटोपी घातल्यास हेल्मेट नीट बसत नाही. त्याऐवजी पातळ, ताणली जाणारी टोपी वापरावी.

कानटोपीवरून आठवले, शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून निघून जाते हा समज खरा नाही. डोके जेवढा भाग व्यापते, साधारण तेवढ्याच प्रमाणात उष्णता तेथून जाते. तरीही टोपी घालावीच, कारण कान पातळ असतात आणि बाकीचे अंग झाकलेले असताना उघडे राहिलेले डोके आणि मान हीच ऊब निसटण्याची जागा उरते.

खान्देशात थरांची खरी कसोटी लागते ती रात्री गव्हाला किंवा हरभऱ्याला पाणी भरताना. शेतीपंपाला वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत मिळते, आणि मग शेतकऱ्याला थोडा वेळ फावड्याने माती ओढून बारे फिरवण्याचे, म्हणजे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवण्याचे, जोरकस काम आणि त्यानंतर वाफा भरेपर्यंत बांधावर नुसते बसणे, असे आलटून पालटून करावे लागते. फावडे चालवताना घाम येतो, बसल्यावर तोच घाम गार पडतो. येथे नियम उलटा आहे असे वाटेल, परंतु तो पाळावा: कामाला हात घालण्यापूर्वी एक थर उतरवावा आणि बसण्यापूर्वी, थंडी वाजू लागण्याची वाट न पाहता, तो पुन्हा अंगावर चढवावा. उतरवलेला स्वेटर दवाने भिजलेल्या पिकावर टाकू नये. तो प्लास्टिकच्या पिशवीत किंवा पंपाच्या खोलीत ठेवावा. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी रात्री पायांना कोमट लागते, आणि म्हणून बरेच जण अनवाणी उभे राहतात. पण पाय बाहेर काढताच वाऱ्याने ते पाणी वाळू लागते आणि वाळताना पायांची ऊब ओढून घेते. गमबूट आणि आत लोकरी पायमोजे असावेत, मोज्यांचा आणखी एक कोरडा जोड खिशात असावा. बुटात एकावर एक दोन जाड मोजे कोंबल्याने पाय आवळला जातो, रक्ताभिसरण मंदावते आणि पाय अधिकच गार पडतात.

सकाळी कापूस वेचायला जाणाऱ्या स्त्रिया लुगड्यावर किंवा साडीवर पुरुषी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. ही पद्धत उत्तम आहे, कारण झाडावरचे दव आणि बोंडांची टोके दोन्ही त्या शर्टावर येतात. फक्त स्वेटर त्या शर्टाच्या आत असावा, वर नव्हे. दव सरले की आधी ओला शर्ट बांधावर वाळत घालावा, नंतर स्वेटर काढावा, आणि पुढे ऊन लागू लागले की वाळलेला शर्ट पुन्हा चढवावा.

सातपुड्यातील तोरणमाळला जाणाऱ्यांनी एक थर जास्तीचा न्यावा. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर आणि तोरणमाळ सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे. दर किलोमीटर उंचीमागे तापमान साधारण साडेसहा अंशांनी घटते, म्हणजे दिवसा सहा अंशांचा फरक सहज पडतो. रात्री मात्र गार हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि खोलगट जागी साचते. त्यामुळे तंबू ठोकायचा झाल्यास तो तलावाकाठी किंवा दरीच्या तळाशी न ठोकता थोड्या उंचावर, वाऱ्याच्या आडोशाला ठोकावा.

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत, खळ्यावर किंवा राखणीच्या निमित्ताने शेतात उघड्यावर झोपणाऱ्यांनी पांघरुणाइतकेच अंथरुणाकडे लक्ष द्यावे. अंगाखाली दबलेला कपडा फारशी हवा धरत नाही आणि जमीन रात्रभर ऊब शोषत राहते. म्हणून खाली कडबा किंवा कोरड्या गवताचा जाड थर द्यावा, त्यावर ताडपत्री आणि मग गोधडी घालावी. दोन गोधड्या असतील तर एक खाली घ्यावी. दिवसभर अंगात असलेले कपडे घामट झालेले असतात, ते बदलून कोरड्या कपड्यांत झोपावे. शेकोटीजवळ बसताना नायलॉनचे जर्किन आणि पॉलिएस्टरचे कपडे काढून बाजूला ठेवावेत किंवा त्यांवर घोंगडी घ्यावी, कारण ठिणगी पडली तर असा कपडा वितळून कातडीला चिकटतो. लोकर सहसा पेट घेत नाही.

लहान मुले आणि म्हातारी माणसे यांना मोठ्यांपेक्षा एक थर अधिक घालावा. शाळेत मात्र मुलाला स्वतःहून काढता येईल असा, पुढे बटणे किंवा चेन असलेला स्वेटर द्यावा. पायी फिरायला निघणाऱ्या निरोगी माणसाने उलट करावे. घरातून बाहेर पडताना किंचित थंडी वाजली पाहिजे. दारातच उबदार वाटत असेल तर अर्ध्या वाटेत घाम फुटणार, हे निश्चित.

होळीनंतर स्वेटर धुताना ते पिळू नयेत, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावेत आणि दोरीवर न टांगता खाटेवर पसरून सावलीत वाळवावेत, म्हणजे ओघळत नाहीत. पेटीत ठेवताना त्यांत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालतातच, पण वर जड सामान रचू नये. आठ महिने दबून राहिलेली लोकर चपटी होते आणि पुढच्या मार्गशीर्षात तिच्यात हवा पूर्वीसारखी धरली जात नाही.