आधी ओपीडीत बसा, सोल्डरिंग नंतर: गोव्यात मेडिकल टेक्नॉलॉजीचा रिसर्च कसा उभा करायचा

फायनल इयरचे प्रोजेक्ट ठरायची वेळ आली की दर वर्षी तेच चालू होतं, कुणीतरी ऑनलाइन एक सेन्सर मागवतो, ईएसपी३२ ला (वायफाय असलेली छोटी प्रोग्रॅम करता येणारी चिप) जोडतो, मोबाईलवर ग्राफ दाखवतो आणि नाव ठेवतो ‘स्मार्ट हेल्थ मॉनिटर’. व्हायवा होतो, मार्क मिळतात, आणि तो डबा लॅबच्या कपाटात जातो तो जातोच. सर्किट वाईट नसतं बरं का, पण ते कुणासाठी केलं हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून इंजिनिअरिंग, फार्मसी, बायोटेकवाल्या पोरांसाठी आणि ज्यांना असं काहीतरी करायचंय पण कोणाला गाठायचं ते कळत नाही अशा इंटर्न डॉक्टरांसाठी हे लिहितोय.

गोव्याचा एक मोठा फायदा आहे आणि आपण तो वापरतच नाही. बांबोळीला गोमेकॉ म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, तिथून ताळगाव पठारावरची युनिव्हर्सिटी हाकेच्या अंतरावर, पणजीत फार्मसी कॉलेज, फर्मागुडीला इंजिनिअरिंग कॉलेज आणि आयआयटी, झुआरीनगरला बिट्स, कुंकळ्ळीला एनआयटी. मुंबई-पुण्यात एका इस्पितळातून दुसऱ्या कॉलेजात जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात इथे निम्मा गोवा पालथा घालून होतो. आणि वैद्यकीय शिक्षण तर आपल्याकडे १८४२ पासून आहे, पोर्तुगीजांनी पणजीत मेडिकल स्कूल काढलं तेव्हापासून. माणसं जवळ आहेत, फक्त एका टेबलावर बसत नाहीत.

तर पहिलं काम म्हणजे टेबल शोधणं. बहुतेक जण थेट एखाद्या मोठ्या सर्जनला ईमेल टाकतात आणि उत्तराची वाट बघत बसतात. त्यांना खरंच वेळ नसतो, राग मानू नका. माझा सल्ला, पीएसएम म्हणजे प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिनच्या डिपार्टमेंटपासून सुरुवात करा. रिसर्चचा आराखडा, सॅम्पल साइझ, गावातला सर्व्हे हे त्यांचं रोजचं काम आहे, आणि गोमेकॉच्या पीएसएमकडे मंडूरचं ग्रामीण केंद्र आणि सांताक्रूझचं शहरी केंद्र आहे, म्हणजे मोठ्या इस्पितळाच्या गर्दीबाहेर शांतपणे बघायला जागाही मिळते. ईमेल अर्ध्या पानाचा लिहा. त्यात ‘आम्ही एआय वापरून डायबेटिसवर काम करू इच्छितो’ असलं काही नको, ‘आम्हाला इलेक्ट्रॉनिक्स येतं, मेडिकल येत नाही, तुमच्या ओपीडीत काही दिवस नुसतं बसून बघायची परवानगी हवी’ एवढंच लिहा. असल्या ईमेलला उत्तर यायची शक्यता जास्त, कारण मागणी छोटी आहे.

परवानगी मिळाली की खरंच नुसतं बसा. लॅपटॉप नको, फोटो तर अजिबात नको. सिस्टर कोणती गोष्ट दोनदा लिहितात, पेशंट कुठल्या बाकावर सगळ्यात जास्त वेळ बसतो, कुठल्या मशीनवर कापड घालून ठेवलंय आणि का (बहुतेक वेळा बिघडलेलं नसतंच, प्रोब हरवलेला असतो किंवा पेपर रोल संपलेला असतो) ते बघा. डॉक्टरांपेक्षा सिस्टर, टेक्निशियन आणि अटेंडंट यांना जास्त विचारा, मशीनशी दिवसभर झटापट तेच करतात. बावळट वाटणारे प्रश्न विचारायला लाजू नका, तुम्ही बाहेरचे आहात आणि तेच तुमचं भांडवल आहे.

आता एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ म्हणजे हवेत बोलणं नको. २०२३ मध्ये आयसीएमआरचा, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा, इंडियाब नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मधुमेहाचं प्रमाण देशात ११.४ टक्के आणि गोव्यात २६.४ टक्के निघालं, सगळ्या राज्यांत सगळ्यात जास्त. मधुमेह जुना झाला की पायाच्या नसा बधिर होतात, जखम झालेली कळत नाही, ती चिघळते आणि शेवटी बोट किंवा पाय कापायची वेळ येते. आपल्याकडे लोक घरात, देवळात, अंगणात अनवाणीच फिरतात, पावसात चार महिने पाय ओले, म्हणजे प्रश्न अगदी दारातला आहे. जखम व्हायच्या आधी त्या जागेचं तापमान वाढतं, आणि दोन्ही पायांच्या सारख्या जागांमध्ये २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक दिसला तर सावध व्हायचं, असा निकष बऱ्याच अभ्यासांत वापरलाय. इंजिनिअरला हे वाचून लगेच हात शिवशिवतात, चला पायाचं तापमान मोजणारी चटई करू!

थांबा. आधी विचारा की ओपीडीत आज काय वापरतात. तिथे एक नायलॉनचा दोरा असतो, मोनोफिलामेंट म्हणतात त्याला, तो १० ग्रॅमच्या दाबाला वाकतो, तळव्याला टेकवायचा आणि पेशंटला डोळे मिटून ‘कळलं का’ विचारायचं. सोबत १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क. बॅटरी नको, चार्जर नको, वायफाय नको. हा दोरा बधिरपणा पकडतो, तुमची चटई तापमान पकडणार, म्हणजे दोघांचं काम एकच नाही, पण सिस्टरकडे पेशंटमागे दोन मिनिटं असतील तर ती दोन मिनिटं दोऱ्याला द्यायची की तुमच्या चटईला याचं उत्तर तुमच्याकडे पाहिजे. ते नसेल तर प्रोजेक्ट तिथेच बदला, लाज कसली त्यात.

मग येतो अचूकपणा. डीएस१८बी२० हा सगळ्यांचा लाडका स्वस्त सेन्सर, त्याची डेटाशीट सांगते अधिक-उणे अर्धा अंश. तुम्ही दोन पायांचा फरक काढताय, म्हणजे एक सेन्सर अर्धा अंश वर आणि दुसरा अर्धा खाली असला तर फरकात एक अंशाची चूक, आणि तुमचा निकष २.२ चा! म्हणजे जवळजवळ निम्मा निकष चुकीतच गेला. उपाय सोपा आहे, सगळे सेन्सर एकाच कोमट पाण्याच्या भांड्यात (पिशवीत नीट गुंडाळून) एका चांगल्या थर्मामीटरबरोबर ठेवायचे, प्रत्येकाची चूक नोंदवायची आणि कोडमध्ये वजा करायची. एमएलएक्स९०६१४ सारखा न टेकवता मोजणारा सेन्सर घेतला तर वेगळी गंमत, त्याच्या साध्या प्रकाराची नजर ९० अंशांची असते, थोडा लांब धरलात तर पायाबरोबर लादीचंही तापमान मोजून देतो. आणि पेशंट उन्हातून बसस्टॉपवरून चालत आलेला, एक चप्पल तुटलेली म्हणून एका पायावर जास्त भार टाकून आलेला, तर दोन पायांत फरक असणारच. आधी दहा-पंधरा मिनिटं चपला काढून, पाय थंड लादीला न टेकवता बसवायचं. हे डेटाशीटमध्ये सापडणार नाही, हे ओपीडीतच कळतं.

आता सगळ्यात कंटाळवाणा पण सगळ्यात महत्त्वाचा भाग, एथिक्स कमिटी. माणसांवर काहीही मोजायचं असेल, अगदी ‘नुसतं तापमान तर आहे’ असं असलं तरी, आधी मंजुरी घ्यायची. डेटा गोळा केल्यावर मागच्या तारखेने मंजुरी मिळत नाही, हे लिहून ठेवा. इंजिनिअरिंग कॉलेजात सहसा अशी कमिटी नसते, म्हणून मेडिकल कॉलेजमधला गाईड लागतो आणि अर्ज बहुतेक वेळा त्यांच्या नावानेच जातो, तुम्ही सहसंशोधक. आयसीएमआरच्या २०१७ च्या गाईडलाइन्स वाचा, निदान कन्सेंटचा म्हणजे पेशंटच्या संमतीचा भाग तरी. कमिटीत ७ ते १५ जण असतात, अध्यक्ष संस्थेच्या बाहेरचा लागतो, डॉक्टरांबरोबर वकील, समाजशास्त्रवाला आणि एक सामान्य नागरिकही असतो, त्यामुळे अर्ज त्या सामान्य नागरिकाला कळेल असा लिहा, बाकीच्यांना आपोआप कळतो.

कन्सेंट फॉर्म गोव्यात एका भाषेत भागत नाही. देवनागरी कोंकणी, मराठी, सासष्टीत रोमी कोंकणी, आणि कामगार वस्ती असेल तर हिंदी, कन्नड. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायचं, अंगठा घ्यायचा आणि सोबत तुमच्या टीमबाहेरचा साक्षीदार. आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या पेशंटची ट्रीटमेंट अजिबात बदलत नाही हे फॉर्मात नुसतं लिहून पुरत नाही, तोंडाने सांगा, कारण सरकारी इस्पितळात माणसाला वाटतं की नाही म्हटलं तर डॉक्टर रागावतील.

डिव्हाइसचे कायदेही थोडे माहीत पाहिजेत. मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ चे, त्यात धोक्यानुसार ए, बी, सी, डी असे चार वर्ग, आणि सॉफ्टवेअरसुद्धा डिव्हाइस ठरू शकतं, म्हणजे ‘आमचं तर फक्त ॲप आहे’ ही पळवाट नाही. कोणत्या वर्गात बसतं आणि टेस्ट लायसन्स (चाचणीपुरतं यंत्र बनवायचा परवाना) लागतं का हे सुरुवातीलाच गाईडबरोबर बघून घ्या. क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला पेशंट घ्यायच्या आधी सीटीआरआयवर (ट्रायल नोंदवायची देशाची ऑनलाइन नोंदवही) नोंदणी, नंतर नाही.

बनवताना दोन-तीन गोष्टी. पेशंटला जोडलेलं काहीही बॅटरीवर चालवा, भिंतीत चार्जरला लावलेला लॅपटॉप आणि पेशंटचा ओला पाय एकाच सर्किटवर नको म्हणजे नकोच. थ्रीडी प्रिंटचं प्लास्टिक, म्हणजे पीएलए, साधारण ६० अंशांलाच मऊ पडतं, ते ऑटोक्लेव्हच्या (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) १२१ अंशांत टाकलं तर हातात लगदा येईल, त्यामुळे स्पिरिटने पुसता येईल असं गुळगुळीत, फटी नसलेलं झाकण करा. आणि जुलै महिन्यात एकदा डबा उघडून बघा, आपल्या दमट, खारट हवेत कनेक्टरचं काय होतं ते कळेल. डेटा गोळा करायचं वेळापत्रक चतुर्थीच्या आठवड्यावर लावू नका, त्या दिवसांत पेशंट मूळ घरी गेलेला असतो आणि तुमचा सहकारीपण.

आकड्यांवर थोडं थांबू, कारण इथेच सगळ्यात जास्त फसवाफसवी होते, मुद्दाम नाही पण होते. ‘आमची ॲक्युरसी ९० टक्के’ असं पोस्टरवर लिहिलेलं असतं. धरा एका गावात १००० लोक तपासले, त्यात खरोखर आजारी १०. तुमचं यंत्र आजाऱ्यांपैकी ९० टक्के पकडतं, म्हणजे ९. निरोगी ९९०, त्यातल्या ९० टक्क्यांना बरोबर सोडतं, म्हणजे ९९ जणांना उगाच घाबरवतं. एकूण अलार्म १०८, त्यात खरे ९, म्हणजे शंभरात आठ! तेच यंत्र मधुमेहाच्या खास ओपीडीत, जिथे आजारी जास्त, तिथे बरंच बरं दिसेल. म्हणून ‘कुठे वापरणार’ हे आधी ठरवा, ॲक्युरसी मग. आणि २० मित्रांच्या पायांवर टेस्ट करून काही सिद्ध होत नाही. पकडण्याचं प्रमाण ९० टक्के असेल असं धरून ते पाच टक्के इकडेतिकडे एवढ्या खात्रीने सांगायचं तर साधारण १४० खरे आजारी पेशंट लागतात, आणि ओपीडीत दहातले तीनच तसे असतील तर एकूण साडेचारशेच्या वर माणसं तपासावी लागतात. हा आकडा बघून प्रोजेक्ट छोटा करावासा वाटेल, करा. ‘आमचं यंत्र आणि चांगला थर्मामीटर किती जुळतात’ एवढाच प्रश्न घेतला तरी तो प्रामाणिक पेपर आहे, फक्त त्यासाठी कोरिलेशन काढू नका, ब्लँड-आल्टमन प्लॉट (दोन यंत्रांच्या मापांतला फरक दाखवणारा आलेख) काढा, दोन यंत्रं सतत एक अंशाने वेगळी असली तरी कोरिलेशन झकास येतं.

मशीन लर्निंगवाल्यांना एकच सांगणं, एकाच पेशंटचे काही फोटो ट्रेनिंगमध्ये आणि काही टेस्टमध्ये गेले तर मॉडेल आजार नाही, पेशंट ओळखायला शिकतं. वाटणी फोटोंची नाही, पेशंटची करायची. आणि पेशंटचं नाव, फोन नंबर असलेली एक्सेल शीट ग्रुपच्या व्हॉट्सॲपवर फिरवायची नाही. नावाऐवजी प्रत्येक पेशंटला एक क्रमांक द्या, नावाची यादी गाईडकडे कुलपात.

सगळंच यंत्राने होतं असंही नाही हो. पर्वरीच्या संगात संस्थेचं काम बघा, मानसिक आजारांसाठी त्यांनी डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांचा वापर गोव्यातल्या आरोग्य केंद्रांत करून बघितला, मानस नावाची ट्रायल, २०१० मध्ये लॅन्सेटमध्ये आली. एकही सर्किट नाही. आणि जयपूर फूट १९६८ चा, हाडांचे डॉक्टर आणि एक कारागीर यांनी मिळून केलेला. आपल्या पायाच्या प्रोजेक्टमध्येही टीममध्ये एक चप्पल शिवणारा माणूस असायला हरकत नाही, भार कुठे येतो हे त्याला झिजलेल्या टाचेवरून कळतं.

पैशाचं आणि नावाचं सुरुवातीलाच बोला, नंतर कडू होतं. पेपरवर कोणाची नावं, कोणत्या क्रमाने, हे काम सुरू व्हायच्या आधी एका ईमेलमध्ये लिहून ठेवा. पेटंट हवं असेल तर कॉन्फरन्समध्ये पोस्टर लावायच्या आधी अर्ज करा, आणि लक्षात ठेवा की आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(आय) नुसार निदानाची किंवा उपचाराची पद्धत पेटंट होत नाही, यंत्राचं बघता येतं. एमबीबीएसच्या मुलांना आयसीएमआरची दोन महिन्यांची एसटीएस शिष्यवृत्ती आहे, तुमच्या टीममधल्या मेडिकलच्या विद्यार्थ्याला त्यासाठी अर्ज करायला लावा. प्रोटोटाइपच्या पुढे जायचं असेल तर बायरॅकची (बायोटेक स्टार्टअपना मदत करणारी केंद्र सरकारची संस्था) बिग ग्रँट, ५० लाखांपर्यंत, १८ महिन्यांसाठी, पण तिकडे जाताना ओपीडीतला डेटा हातात असू द्या.

आणि अभ्यास संपल्यावर यंत्र ओपीडीत ठेवून जाणार असाल तर एका पानावर मराठी-कोंकणीत लिहून द्या, चार्ज कसं करायचं, पुसायचं कशाने, बिघडलं तर कोणाला फोन. फोन उचलणारं कुणी नसेल तर ठेवू नका, परत घेऊन या.