तुंगनाथच्या झुडपांसाठी सॅक भरताना

आधी तारीख पक्की करा. उत्तराखंडातल्या उंचावरच्या तुंगनाथ या शिवमंदिराचं नाव काढलं की लोक देवळाचे दरवाजे कधी उघडतात ते बघतात. आपण जातोय झाडं संपतात तिथली झुडपं बघायला, म्हणून आपल्याला वरचा बर्फ कधी सरतो ते बघायचंय. मी पहिल्यांदा एप्रिलच्या शेवटी गेले, कारण रजा तेव्हाच मिळाली. चढण जिथून सुरू होते त्या चोपत्याच्या खाली बुरांश, म्हणजे तांबड्या फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन वृक्ष, लालभडक फुललेला, त्याचे ढीगभर फोटो आले. पण ज्यासाठी एवढा प्रवास केला ती झुडपं वरच्या उतारावर बर्फाखाली दडलेली. तेव्हा मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा मध्य एवढीच फट धरा. नंतर पाऊस येतो, दरडी येतात. मे-जून हा यात्रेचा हंगाम असतो, म्हणून खोली आधीच सांगून ठेवा.

निघण्याआधी पंधरा दिवस पाच-सहा झाडं ओळखायचा सराव करा. चोपता साधारण 2,700 मीटरवर आहे. तिथून वर चढताना खरसू ओक आणि बुरांश हळूहळू मागे पडतात, मग एका टप्प्यावर उभं झाडच संपतं. उंचीच्या दर हजार मीटरला तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं, त्यात वारा आणि बर्फाचं ओझं. या सीमेवरचा राजा म्हणजे सेमरू, ऱ्होडोडेंड्रॉन कॅम्पॅन्युलॅटम. बुरांशचाच भाऊबंद, पण फुलं फिक्या जांभळट-गुलाबी रंगाची आणि खोड आडवं. हिवाळाभर बर्फ वरून दाबतो, उतारावरून खाली ढकलतो, म्हणून खोड आधी उताराच्या दिशेनं झुकतं आणि मग कोपरातून वळल्यासारखं वर येतं. त्याहून वर गेलात की बुटका ऱ्होडोडेंड्रॉन अँथोपोगॉन, जमिनीलगत पसरलेले ज्युनिपर, खडकाला चिकटलेला कोटोनिॲस्टर. आणि एक विलोही आहे, जो गवतात बोटभर उंचीनं सरपटतो. त्याला झाड म्हणायला जीभ वळत नाही, पण आहे तो वाळुंजाच्याच कुळातला.

स्पिती किंवा लडाख केलेल्यांनी तिथली यादी घरीच ठेवावी. वनांचं 1968 सालचं चॅम्पियन आणि सेठ यांचं वर्गीकरण ओली अल्पाइन (झाडं संपतात त्याच्या वरची) झुडपं आणि कोरडी अल्पाइन झुडपं असे दोन वेगळे गट करतं. तिकडचे काटेरी कॅरागाना तुंगनाथच्या ओल्या उतारावर शोधत बसाल तर दिवस फुकट जाईल.

आता सामान. सर्वांत महत्त्वाचं दहा पटींचं भिंग, गळ्यात दोरीनं अडकवलेलं. खिशात ठेवलेलं भिंग बाहेर निघत नाही, हा माझा अनुभव. सेमरूचं वाटेवर गळून पडलेलं पान उचला आणि उलटं करा. वरून चकचकीत हिरवं, खालून दालचिनीच्या रंगाची मखमल. भिंगाखाली ती लव गुंतलेल्या लोकरीसारखी दिसते. अँथोपोगॉनच्या पानाखाली लव नसते, बारीक तपकिरी खवले असतात. पान न तोडता बोटानं नुसतं घासा आणि बोट नाकाशी न्या. हिमालयात ठिकठिकाणी हे झुडूप धूप म्हणून का जाळतात ते लगेच कळेल.

दुसरं म्हणजे बसकर. हसू नका, आजीच्या देवघरातलं चालेल, फक्त खालून प्लॅस्टिक शिवून घ्या. इथली वनस्पती उभ्यानं बघायची नाहीच, गुडघे टेकायचे किंवा सरळ पालथं पडायचं. तिसरं होकायंत्र. फोनमधलं चालतं, पण थंडीत बॅटरी बघता बघता उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात अंगाशी ठेवा. उताराचं तोंड कुठल्या दिशेला आहे हे प्रत्येक थांब्यावर लिहायचं. उत्तरेकडच्या सावलीच्या उतारावर बर्फ उशिरापर्यंत राहतो, ओल टिकते, तिथे ऱ्होडोडेंड्रॉनची दाटी. दक्षिणेच्या उन्हाच्या अंगाला ज्युनिपर आणि गवत जास्त. एकाच धारेवर उभं राहून दोन्हीकडे मान वळवली की हे दिसतं.

दहा मीटर सुतळी घ्या, दर मीटरला गाठ मारून. वाटेच्या कडेला ती धरायची आणि प्रत्येक गाठीखाली काय येतं ते वहीत टिपायचं. मात्र वाट सोडायची नाही. हा भाग केदारनाथ अभयारण्यात येतो. पान, फूल, बी, काहीही तोडून आणायचं नाही. खुरपं आणि झिपची पिशवी घरीच ठेवा.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांची एक खोड इथे महागात पडते. उतरताना पाय घसरला की आपला हात आपसूक कारवीकडे जातो. कारवी सोसते, आठ वर्षांत वाढून, फुलून मरणारी ती जात आहे, पुन्हा रान माजतं. इथला मनगटाएवढा ज्युनिपर मात्र कित्येक दशकांचा असू शकतो, कारण वर्षातले मोजके महिनेच त्याला वाढायला मिळतात. म्हणून काठी आणा, दोन आणा. शेकोटीची हौस असेल तर तीही विसरा.

कपड्यांचं सगळ्यांना माहीत आहे: थर्मल, कानटोपी, पोंचो, गॉगल. एकच जोडते, पँट गुडघ्याला जाड असू द्या. ओठांना लावायचं काहीतरी हवंच. पहिली रात्र चोपत्याला काढा, त्याच दिवशी वर धावू नका. डोकं ठणकलं, मळमळलं तर खाली उतरायचं, वाद घालायचा नाही. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्यांचं आपापल्या डॉक्टरांना विचारून या. देवळापर्यंत साडेतीन-चार किलोमीटर बांधलेली वाट आहे, पण आपण दर दहा पावलांवर थांबणार, म्हणून पहाटेच निघायचं. दुपारी ढग चढतात, गडगडाट सुरू होतो, आणि झाडं संपलेल्या धारेवर सगळ्यांत उंच आपणच असतो. त्याआधी परत फिरा.

वहीसाठी पेन्सिल आणा, ओल्या कागदावर शाई फुटते. रोख पैसे वाटेतल्या उखीमठ गावाच्या आधीच काढा, सुट्या नोटांसकट. वाटेत चहा किमान तीनदा होतो.