रानकुत्रा, रानटी झालेला कुत्रा आणि पाळीव कुत्रा कसा ओळखावा

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबी, हेम्मडगा या भागांत रानालगत कुत्र्यासारखे जनावर दिसले, तर प्रथम शेपूट पाहावी. कोळसुंद्याची, म्हणजे खऱ्या रानकुत्र्याची शेपूट झुपकेदार व काळसर असून खाली लोंबते. अंग तांबूस, कान गोलसर, तोंड आखूड असते. तो भुंकत नाही, तर शीळ घातल्यासारखा आवाज काढून पांगलेल्या कळपाला जमवतो, आणि ही शीळ त्याची एक मोठी खूण आहे. त्याची प्रजातीच वेगळी असल्यामुळे गावच्या कुत्र्याशी त्याचा संकर होत नाही.

रानटी झालेला कुत्रा मात्र पाळीव कुत्र्याचाच वंशज. शेपूट बहुधा वर वळलेली, रंग कळपागणिक निरनिराळे, भुंकणेही तेच. फक्त माणसाचा सहवास न मिळाल्याने तो जवळ येत नाही. उकिरड्यावर जगणारा, हाक मारल्यावर थबकणारा गल्लीतला कुत्रा या वर्गात मोडत नाही, हे आवर्जून लक्षात ठेवावे.

शेळी मारली गेल्यास कोळसुंद्यावर ठपका ठेवण्याआधी या खुणा तपासाव्यात, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे; अशा वेळी वनखात्याला कळवावे. रेबीज व डिस्टेंपर हे रोग आपल्या कुत्र्यांकडून रानात पोहोचू शकतात, म्हणून भीमगड अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्यांनी कुत्र्यांना दरवर्षी लस टोचावी आणि रात्री त्यांना बांधून ठेवावे. कोणताही कुत्रा चावल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा.