सिम्युलेटरमध्ये नॉर्वेचे फियॉर्ड फिरायचेत? आधी वळायला शिका

फ्लाइट सिम्युलेटरमध्ये फियॉर्डची (म्हणजे उंच कड्यांमधून आत घुसलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्यांची) टूर म्हटलं की बहुतेक जण काय करतात, तर मिळेल ते विमान घेतात, नॉर्वेत कुठेतरी टेकऑफ करतात आणि दोन डोंगरांच्या मधे घुसतात, आणि पाचव्या मिनिटाला कड्यावर आपटतात. मग वैतागून परत मोठ्या जेटवर जातात. खरंतर ही टूर म्हणजे सिम्युलेटरमधली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे असं माझं अगदी मनापासून मत आहे, फक्त एक गोष्ट आधी डोक्यात बसायला हवी: फियॉर्डमध्ये आत कसं जायचं हा प्रश्नच नाही, परत कसं वळायचं हा प्रश्न आहे. ते जमलं की बाकीचं सगळं निवांत बघत बसायचं.

आधी विमान. सेसना 172 घ्या, दुसरं काही नको. पंख वरच्या बाजूला आहेत त्यामुळे खाली बघताना मधे काही येत नाही, आणि हळू उडतं. हळू हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे, कारण वळायला लागणारी जागा स्पीडच्या वर्गाने वाढते. साधा हिशोब बघा, 30 अंश बँक करून (म्हणजे विमान बाजूला तेवढं कलवून) 120 नॉट्सला (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल) पूर्ण यू-टर्न मारलात तर साधारण 1350 मीटर रुंदी लागते, 90 नॉट्सला 760 च्या आसपास, आणि 70 नॉट्सला फक्त 460. म्हणजे स्पीड निम्म्याच्या जवळ आणला की जागा एक तृतीयांशावर येते. आता हे लक्षात ठेवा की ज्यात आपण पुढे शिरणार आहोत त्या नॅरॉयफियॉर्डचं पाणी सगळ्यात अरुंद जागी फक्त 250 मीटर आहे.

म्हणून पहिली वीस मिनिटं टूर नाही, प्रॅक्टिस. सोग्नडालच्या एअरपोर्टवरून निघा (सर्चमध्ये कोड टाका, ई-एन-एस-जी). हा एअरपोर्ट मुळातच डोंगरावर आहे, जवळपास 500 मीटर उंचीवर, त्यामुळे टेकऑफ केल्या केल्या जमीन खालून निघून जाते आणि समोर एकदम फियॉर्ड उघडतो, पहिल्यांदा बघताना माझा हात थ्रॉटलवर तसाच राहिला होता. दक्षिणेला मेन सोग्नेफियॉर्डवर या. हा 200 किलोमीटरहून लांब आहे, 1300 मीटरहून खोल आहे आणि मुख्य म्हणजे काही किलोमीटर रुंद आहे, चुकायला भरपूर जागा. इथे 3000 फुटांवर स्पीड 75 ला आणा, फ्लॅप्स (पंखाच्या मागच्या खाली वळणाऱ्या पट्ट्या) 10 अंश, आणि डावीकडे यू-टर्न मारा. मग परत. मग 45 अंश बँकने. बँक वाढवली की स्टॉल स्पीडही (ज्याच्या खाली पंख विमान उचलून धरू शकत नाहीत तो स्पीड) वाढतो, 45 अंशाला साधारण 19 टक्क्यांनी, म्हणून 70 च्या खाली जाऊ द्यायचं नाही आणि वळताना उंची टिकवायला थोडी पॉवर द्यायची. उंची 100 फुटांच्या आत टिकते आहे असे सलग पाच टर्न झाले की पुढे चला.

डावीकडेच का, तर पायलट डाव्या सीटवर बसतो. उजव्या कड्याला चिकटून उडायचं आणि डावीकडे वळायचं, म्हणजे वळताना समोरचा कडा पूर्ण वेळ डोळ्यासमोर राहतो. दरीच्या मधोमध उडणं ही सगळ्यात मोठी चूक, दिसायला छान दिसतं पण वळायला अर्धीच जागा उरते.

सेटिंगबद्दल थोडक्यात. मायक्रोसॉफ्टचा 2020 वाला सिम्युलेटर असेल तर नॉर्डिक देशांचा फ्री वर्ल्ड अपडेट डाउनलोड केलेला पाहिजे, त्याने बराच फरक पडतो. एक्स-प्लेन असेल तर ऑर्थोफोटो सीनरी (वरून काढलेल्या खऱ्या फोटोंची) बनवून घ्या, नाहीतर डोंगर बरोबर असतात पण अंगावरचं चित्र सगळीकडे सारखंच दिसतं. फ्लाइटगिअर फुकट आहे आणि सीनरी आपोआप उतरवतो, शिकायला तोही चालेल. कुठलाही घ्या, टेरेनची डिटेल वाढवा आणि त्यासाठी फ्रेम कमी पडत असतील तर ढग, सावल्या, एअरपोर्टवरच्या गाड्या कमी करा. या टूरमध्ये डोंगर हाच हिरो आहे.

हवामान लाइव्ह नको, निदान पहिल्यांदा तरी नको. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर पाऊस आणि खालचे ढग भरपूर असतात आणि ढग फियॉर्डमध्ये बसले की काहीच दिसत नाही. थोडेसे उंच ढग, वारा पाच नॉट्सच्या आत. महिना जून, वेळ दुपारी बाराच्या पुढे-मागे. याला कारण आहे, 61 अंश अक्षांशावर जूनच्या शेवटी सूर्य दुपारी साधारण 52 अंश वर येतो तेव्हा उजेड पाण्यापर्यंत पोहोचतो, आणि डिसेंबरमध्ये तोच सूर्य पाच-सहा अंशांवर असतो, मग अरुंद फियॉर्डमध्ये दिवसभर सावलीच. संध्याकाळचा उजेड शिखरांवर अप्रतिम असतो पण खाली काळोख असतो, तो दुसऱ्या फेरीला ठेवा.

आता आत जाऊ. सोग्नेफियॉर्डवरून दक्षिणेला आउरलांडफियॉर्डमध्ये वळा, उंची 3000 फूट, स्पीड 85-90. थोडं पुढे गेलं की समोर डोंगराचं एक नाक येतं आणि पाणी दोन्हीकडे फुटतं, डावीकडचं आउरलांड आणि फ्लोमकडे जातं, उजवीकडचं नॅरॉयफियॉर्ड. हा आणि पुढे येणारा गाइरांगरफियॉर्ड, दोन्ही 2005 मध्ये युनेस्कोच्या यादीत एकत्र आले. उजवीकडे वळा आणि लगेच उजव्या कड्याजवळ जा. इथे 2000 फुटांपर्यंत उतरलात तरी चालेल पण त्याखाली नको, कारण कडे वर जाताना मागे सरकतात, पाण्याजवळ 250 मीटर असलेली दरी वरती बरीच रुंद असते. म्हणजे उंची हीच तुमची वळायची जागा.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा 500 फुटांवरून गेलो होतो, पाण्याच्या जवळून भारी दिसतं म्हणून. बाक्का नावाचं छोटं गाव गेलं, गुडवांगेन गेलं, तिथे पाणी संपतं पण दरी संपत नाही, पुढे चालूच राहते, म्हणून मीही चालूच राहिलो. दरी आणखी अरुंद झाली आणि समोर एकदम पायरीसारखा कडा उभा राहिला, त्याच्या डोक्यावर स्टालहाइमचं हॉटेल. मी नाक वर ओढलं. पुढची पाच सेकंदं मला अजून आठवतात, हॉटेल विंडशील्डमध्ये खाली सरकायच्या ऐवजी तिथेच थांबलं, स्पीड 80, 65, 52, स्टॉलचा हॉर्न, आणि डावा पंख खाली पडला. नाक वर केलं म्हणजे विमान वर जातंच असं नाही, हे वाक्य वाचलेलं होतं, कळलं त्या दिवशी.

त्यातून जो हिशोब शिकलो तो देतो. सेसना 75 नॉट्सला मिनिटाला साधारण 700 फूट चढते, म्हणजे एका नॉटिकल मैलात 560 फूट. स्टालहाइमची पायरी समुद्रापासून साधारण 1200 फुटांवर आहे. 500 वर असाल तर निदान दीड-दोन मैल आधी चढायला सुरुवात पाहिजे, आणि कडा दिसतो तेव्हा तेवढं अंतर उरलेलं नसतं. म्हणून निर्णय बाक्कालाच घ्यायचा, गुडवांगेनला नाही. उंची 2500 च्या वर आहे तर सरळ जा, हॉटेलवरून आरामात पार होऊन पलीकडे वॉसच्या बाजूला निघता येतं. नसेल तर तिथेच डावीकडे टर्न आणि आल्या वाटेने परत. लिटल नॅव्हमॅप नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात रूट टाकला की खालच्या जमिनीचा उभा छेद दिसतो, निघण्याआधी तो एकदा बघाच.

परत येताना फ्लोमवर एक चक्कर मारा, तिथून वर जाणारी रेल्वे 20 किलोमीटरमध्ये 860 मीटरहून जास्त चढते, तिची दरी वरून शोधायला मजा येते. मग उत्तरेला लुस्टराफियॉर्ड. इथे बघायचं काम कमी आणि चढायचं काम जास्त. उजव्या किनाऱ्यावर उर्नेसचं जुनं लाकडी चर्च आहे, त्याच्या आसपासपासूनच चढायला लागा, कारण फियॉर्डच्या टोकाला स्क्योल्डेन आलं की उजवीकडे योटुनहाइमेनचे डोंगर उभे आहेत आणि तिथे 9000 फूट पाहिजेत. गाल्डहोपिगेन 2469 मीटर, नॉर्वेतलं सगळ्यात उंच शिखर, म्हणजे 8100 फूट. त्याच्या अलीकडे हुरुंगानेचे सुळके आहेत, त्यातला स्टोरे स्कागास्टोल्सटिंड 2405 मीटरचा, 1876 मध्ये स्लिंग्सबी नावाचा इंग्रज गिर्यारोहक त्याच्या माथ्यावर पहिल्यांदा पोहोचला. चढताना 3000 फुटांनंतर मिक्श्चर (इंजिनात जाणाऱ्या इंधन-हवेचं प्रमाण) थोडं थोडं मागे घ्या, नाहीतर इंजिन दमतं आणि तुम्हाला वाटतं सिम्युलेटर बिघडला. डोंगराची धार ओलांडताना सरळ समोरून जाऊ नका, 45 अंशात तिरकं जा, पलीकडे खाली ओढणारी हवा लागली तर अर्ध्याच वळणात बाहेर पडता येतं.

तिथून पश्चिमेला योस्टेडाल्सब्रेन, युरोपच्या मुख्य भूमीवरची सगळ्यात मोठी हिमनदी. इथे डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. खाली सगळं पांढरं, ना झाड ना घर ना रस्ता, त्यामुळे जमीन 2000 फूट खाली आहे की 300 हे समजतच नाही. शेजारचा लोडाल्सकोपा 2083 मीटर म्हणजे 6800 फुटांच्या वर आहे, म्हणून 8000 धरा आणि नजर अल्टिमीटरवर (उंची दाखवणाऱ्या काट्यावर) ठेवा. त्यात हवेचं प्रेशर सेट केलेलं आहे ना तेही इथेच एकदा बघा, मायक्रोसॉफ्टमध्ये बी दाबलं की होतं.

हिमनदी संपली की खाली लोवात्ने तलाव दिसतो, हिरवट-निळा. तो समुद्रापासून जेमतेम 52 मीटर वर आहे म्हणजे तुम्हाला निदान 6000 फूट उतरायचंय, आणि नाक खाली करून उतरलात तर स्पीड लाल रेषेकडे (विमानाच्या कमाल मर्यादेकडे) जाईल. पॉवर कमी, 90 नॉट्स, आणि मोठे गोल घेत उतरा. याच तलावात 1905 आणि 1936 मध्ये रामनेफ्येल डोंगराचे कडे कोसळले, लाटा उठल्या आणि किनाऱ्यावरची गावं वाहून गेली, दोन्ही मिळून 135 माणसं गेली. मी तिथून जाताना दर वेळी थोडा हळू होतो.

तलावापलीकडच्या लोएन गावावरून परत 6500 फुटांपर्यंत चढून ईशान्येला डाल्सनिब्बा गाठा. पर्यटक गाडीने जातात तो पॉइंट 1476 मीटरवर आहे, त्याच्यावरून पलीकडे गेलात की पायाखालची जमीन संपते आणि खाली गाइरांगर, बंदरातली जहाजं काडेपेटीएवढी. घाई करू नका, एक पूर्ण चक्कर घेऊन 2500 ला या आणि उजव्या कड्याजवळून बाहेरच्या दिशेने निघा. सेव्हन सिस्टर्सचा धबधबा उजवीकडेच येतो, म्हणजे डाव्या सीटवरून बघताना तो विमानाच्या अंगाआड लपतो, म्हणून तो यायच्या आधीच कॅमेरा उजव्या खिडकीत न्या किंवा ड्रोन कॅमेरा चालू करा. बऱ्याच ठिकाणी धबधबा म्हणजे फोटोतली पांढरी रेघच असते, तरी समोरच्या कड्यावरचा धबधबा आणि उभ्या उतारावर अडकलेली जुनी शेतं दिसली की पुरतं.

फियॉर्डच्या तोंडाला उजवीकडे वळून सुनिल्व्सफियॉर्ड, मग स्टोरफियॉर्ड, डोंगर हळूहळू बुटके होतात आणि समोर समुद्र आणि बेटं. ओलेसुंड शहर 1904 च्या आगीत जळून परत बांधलेलं, ते डावीकडे ठेवा आणि विग्रा बेटावरच्या एअरपोर्टवर उतरा, कोड ई-एन-ए-एल. रनवे लांब, उंची जवळपास समुद्राच्या पातळीला, आजूबाजूला मोकळं पाणी. एवढ्या कड्यांनंतर हे लँडिंग सोपं वाटतं आणि म्हणूनच लोक चेकलिस्ट विसरतात, मिक्श्चर परत पूर्ण पुढे करायला विसरू नका.

सगळं मिळून दोन तास धरा, प्रॅक्टिसची वीस मिनिटं वेगळी. दुसऱ्या दिवशी हाच रूट उलटा उडवा, कारण समुद्राकडून गाइरांगरमध्ये शिरलात की तिथलीही दरी समोर बंद होते, आणि वळायची जागा तुम्हाला परत नव्याने ठरवावी लागते.