सोर्स कोडचे भांडार निवडताना: सांगलीतील छोट्या सॉफ्टवेअर कार्यालयांसाठी

सांगलीत हळदीच्या अडत्यांसाठी किंवा पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या छोट्या कार्यालयाने सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, सांभाळण्याचे साधन निवडताना आधी एक प्रश्न विचारावा: उद्या कार्यालयातला एकही संगणक चालू झाला नाही, तर प्रत्येक ग्राहकाकडे आज वापरात असलेली नेमकी आवृत्ती आपल्याला पुन्हा उभी करता येईल का? २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा प्रश्न अवाजवी वाटणार नाही.

या कसोटीवर गिट हे कोडमधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणारे साधन उजवे ठरते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या (त्या ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या) कामासाठी ते लिहिले. त्यात प्रत्येक विकासकाच्या संगणकावर कोडबरोबर सहसा संपूर्ण इतिहासही उतरतो, त्यामुळे मुख्य सर्व्हर गेला तरी एखाद्या ताज्या क्लोनवरून, म्हणजे विकासकाकडच्या अशा पूर्ण प्रतीवरून, तो परत मिळवता येतो. सबव्हर्शन या त्याच कामाच्या जुन्या साधनात इतिहास मध्यवर्ती सर्व्हरवरच राहतो. मात्र फाइलला कुलूप लावण्याची आणि फोल्डरनिहाय परवानगी देण्याची सोय त्यात मुळातच असल्याने, ज्यांच्याकडे चित्रे किंवा रिपोर्टचे साचे यांसारख्या, दोघांचे बदल एकत्र न करता येणाऱ्या फाइली जास्त आहेत, त्यांनी ते केवळ जुने म्हणून बाजूला सारू नये.

गिटहब किंवा गिटलॅब या ऑनलाइन सेवांवर खाजगी रिपॉझिटरी (कोडचे भांडार) ठेवल्यास एक प्रत आपोआप गावाबाहेर राहते. करारानुसार कोड बाहेर ठेवता येत नसेल, तर गिटिया हे स्वतःच बसवता येणारे तशाच कामाचे सॉफ्टवेअर कार्यालयातल्या साध्या यंत्रावरही चालते. पण मग ग्राहकाच्या संमतीने कूटबद्ध बॅकअप नदीकाठापासून दूर, विट्याला किंवा जतला, रोज पोहोचेल अशी व्यवस्था करणे अटळ आहे.

साधन कोणतेही असो, ग्राहकागणिक वेगळे फोल्डर करण्याची सवय सोडावी आणि दिलेल्या प्रत्येक आवृत्तीला टॅग, म्हणजे इतिहासात ती ओळखू येईल अशी नावाची खूण, लावावा. पासवर्ड किंवा खातेदारांची माहिती भांडारात कधीच ठेवू नये, कारण फाइल नंतर पुसली तरी ती इतिहासात शिल्लक राहते.

अंतिम निर्णयापूर्वी एका रिकाम्या संगणकावर, केवळ बाहेरच्या प्रतीच्या आधारे, एखाद्या जुन्या ग्राहकाची आवृत्ती बांधून पाहावी. हे काम कार्यालयातल्या सर्वांत नव्या विकासकाला द्यावे, आणि तो जिथे कोणाला विचारायला उठेल, ती माहिती त्याच दिवशी लिहून भांडारात ठेवावी.